लहर तीच, करामती अनेक

गाण्यातला आवाज कधी थरथरतो, कधी घुमतो, कधी दबून पुन्हा उसळी घेतो. हे सगळे इफेक्ट्स आज संगणकातल्या एका प्लगइनमध्ये मावतात. पण त्यांची खरी कमाल बटणांच्या गर्दीत नाही, कशाचा सिग्नल कुठे जोडला यात आहे. त्या जोडणीच्या या काही गमतीजमती!

न ऐकू येणारा कलाकार: साधारण 20 हर्ट्झच्या खालचा सूर आपल्या कानांना कळत नाही. प्लगइनमधला एलएफओ, म्हणजे अशी संथ लहर बनवणारा भाग, बहुतेक वेळा याच पट्ट्यात राबतो. व्हॉल्यूमला जोडा, ट्रेमोलो तयार. पिचला जोडा, व्हायब्रेटो. फिल्टरला जोडा, आवाज ‘वाव-वाव’ करू लागतो!

वेग वाढला, नाद बदलला: 1967 साली स्टॅनफर्ड विद्यापीठात संगीतकार जॉन चाउनिंग व्हायब्रेटोचा वेग वाढवत गेले. एका टप्प्यावर थरथर विरली आणि नवाच नाद उमटला. हेच एफएम सिंथेसिस. 1983 मध्ये आलेला यामाहाचा गाजलेला डीएक्स7 सिंथेसायझर याच तत्त्वावर वाजतो.

440 गेला कुठे? रिंग मॉड्युलेटर दोन सिग्नलांचा चक्क गुणाकार करतो. 440 हर्ट्झचा सूर आणि 30 हर्ट्झची लहर आत सोडा. बाहेर येतात 470 आणि 410. मूळ सूर गायब! बीबीसीच्या ‘डॉक्टर हू’ मालिकेतल्या डालेकांचा खरखरीत यांत्रिक आवाज याच युक्तीचा.

पिनांचा तक्ता: 1969 साली लंडनच्या ईएमएस कंपनीने व्हीसीएस3 हा सिंथेसायझर आणला. त्यात वायरींच्या जंजाळाऐवजी आडव्या-उभ्या भोकांचा तक्ता होता. ज्या चौकात पिन खोचाल, तिथे जोडणी पक्की. आजच्या प्लगइनमधली मॉड मॅट्रिक्स, म्हणजे काय कशाला जोडायचं याचा तक्ता, याच घराण्यातली.

आधी काय, नंतर काय? फोडणीत शिजवलेली डाळ वेगळी आणि वरून फोडणी दिलेली वेगळी. इथेही तसंच. डिस्टॉर्शननंतर रिव्हर्ब लावला तर कर्कश गिटार मोठ्या दालनात वाजल्यासारखी वाटते. क्रम उलटा केला तर ते दालनच फाटक्या आवाजात गुरगुरू लागतं.

किक आला, वाट सोडा: साइडचेनमध्ये कॉम्प्रेसर बसतो बेसवर, पण त्याचं लक्ष असतं किक ड्रमकडे. ठोका पडला की बेस दबतो, ठोका सरला की पुन्हा वर येतो. नाचाच्या गाण्यांमधली ती धापा टाकणारी लय इथूनच येते.

मुंबईचा मान: चरणजित सिंग यांनी 1982 साली मुंबईत रोलँडच्या टीबी-303 या बेस सिंथेसायझरची साथ घेऊन दहा राग डिस्कोच्या ठेक्यात वाजवले. या यंत्रावर ‘एन्व्ह मॉड’ नावाचं बटण आहे. प्रत्येक सुरागणिक फिल्टर किती उघडायचा, हे ते ठरवतं. शिकागोच्या ॲसिड हाउस या नृत्यसंगीताने या यंत्राचा हाच चिवचिवता आवाज जगभर नेला, पण काही वर्षं नंतर!

शेपूट तोंडात, तरी उशीर: आउटपुट पुन्हा इनपुटला जोडलं की फीडबॅक. डिजिटल दुनियेत ही फेरी सहसा किमान एका सॅम्पलचा, म्हणजे आवाजाच्या एका मोजमापाचा, उशीर घेते. सेकंदाला 44,100 सॅम्पल असतील तर हा उशीर सेकंदाचा 44,100 वा भाग.

हे सगळं करून पाहायला पैसे लागत नाहीत. सर्ज एक्सटी हा मुक्त, मोफत सिंथेसायझर उतरवून घ्या, एक एलएफओ निवडा आणि जिथे जोडावासा वाटेल तिथे बिनधास्त जोडा. चुकीची जोडणी अशी नसतेच. कानाला आवडली की ती तुमची!