सीताफळाचे झाड आणि परिषदेची मुदत

जून २०२२ पर्यंत दादाजी भुसे, त्यानंतर अब्दुल सत्तार, जुलै २०२३ पासून धनंजय मुंडे, डिसेंबर २०२४ पासून माणिकराव कोकाटे आणि ३१ जुलै २०२५ पासून दत्तात्रय भरणे. तीन-सव्वातीन वर्षांत महाराष्ट्राने पाच कृषिमंत्री पाहिले. राज्याचा कृषिमंत्री हा राहुरी, अकोला, दापोली आणि परभणी या चारही कृषी विद्यापीठांचा प्रतिकुलपती असतो. त्यामुळे मंत्रालयातले खातेपालट थेट संशोधनाच्या उंबऱ्यापर्यंत पोचतात. बीड जिल्ह्याच्या कोरडवाहू शेतकऱ्याने हे नीट समजून घ्यायला हवे.

परभणीचे विद्यापीठ १८ मे १९७२ रोजी स्थापन झाले. २०१३ मध्ये त्याला वसंतराव नाईक यांचे नाव मिळाले. त्याचा कारभार १९८३ च्या कृषी विद्यापीठ अधिनियमाने चालतो. राज्यपाल कुलपती, तर कुलगुरू कार्यकारी परिषदेचे अध्यक्ष. परिषदेवर शासनाच्या अधिकाऱ्यांबरोबर आमदार, प्रगतिशील शेतकरी आणि कृषी उद्योजकही असतात. कोणत्या केंद्राला किती पैसा, कोणत्या पदाला मान्यता, कोणत्या कामाला अग्रक्रम, असे विषय या टेबलावर येतात. परिषदेची मुदत संपते, नवे सदस्य येतात, पुन्हा ओळखीपासून सुरुवात होते.

आता या टेबलापासून दूर, अंबाजोगाईला या. विद्यापीठाचे सीताफळ संशोधन केंद्र इथे आहे. बालाघाटच्या मुरमाड उतारांवर सीताफळ पावसाच्या पाण्यावर वाढते, पाला कडवट असल्याने शेळ्या-मेंढ्या त्याला तोंड लावत नाहीत. दुष्काळी भागाला यापेक्षा इमानी झाड कोणते? बीडच्या सीताफळाला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. धारूर परिसरातल्या झाडांतून निवडलेला ‘धारूर-६’ हा वाण याच केंद्राच्या कामाचे फळ.

मात्र वाण तयार व्हायला वेळ लागतो. डोंगरात चांगले मातृवृक्ष हेरायचे, त्यांच्या काड्यांवरून कलमे बांधायची, कलम फळावर यायला तीन-चार वर्षे थांबायचे, मग पुढची अनेक वर्षे गराचे प्रमाण, बियांची संख्या, गोडी आणि टिकाऊपणा यांच्या नोंदी ठेवायच्या. त्यानंतर शिफारस चारही विद्यापीठांच्या संयुक्त संशोधन समितीच्या बैठकीत तपासली जाते. शिवाय पिकलेले फळ दोन-तीन दिवसांत उतरते, गर काळा पडतो, पिठ्या ढेकूण बागांना ग्रासतो. हे प्रश्न एका मुदतीत सुटणारे नाहीत. म्हणजे वाणाची पहिली नोंद एका परिषदेच्या काळात होते आणि निकाल तिसऱ्या-चौथ्या परिषदेच्या हाती पडतो.

माणसे बदलूनही असे लांब पल्ल्याचे काम टिकू शकते. इंग्लंडमधल्या रोथॅमस्टेडला गव्हाचा एक प्रयोग १८४३ पासून आजवर चालू आहे. तो सुरू करणाऱ्या जॉन लॉझ यांनी १८८९ मध्ये एक लाख पौंडांचा विश्वस्त निधी वेगळा काढला. विश्वस्त बदलत गेले, प्रयोग थांबला नाही. त्यामागे पैशाइतकीच शिस्त होती: प्रयोगाची नोंद आणि निधी हे व्यक्तीच्या मर्जीवर ठेवायचे नाहीत.

आपल्याकडे सदस्य बदलण्याला हरकत घेण्याचे कारण नाही. जिल्ह्याचा माणूस निर्णयाच्या जागी आला तर फायदाही होतो. मुंडे कृषिमंत्री असताना परळी तालुक्यात कृषी महाविद्यालय आणि सोयाबीन संशोधन केंद्राला मंजुरी मिळाली. पण मंजुरी ही सुरुवात असते. पुढच्या प्रतिकुलपतीने, पुढच्या परिषदेने पदे भरली, जमीन आणि पाणी दिले, तरच केंद्र उभे राहते. कृषी विद्यापीठांत संशोधकांच्या जागा मोठ्या संख्येने रिकाम्या आहेत. शास्त्रज्ञ निवृत्त होतो आणि त्याने वर्षानुवर्षे पाहिलेल्या झाडांची माहितीही त्याच्याबरोबर जाते.

परिषदेवरच्या शेतकऱ्याच्या खुर्चीलाही मोल आहे. सोलापूर जिल्ह्यातल्या बार्शी तालुक्यातले नवनाथ कसपटे यांनी स्वतःच्या बागेतून ‘एनएमके-१ गोल्डन’ हे सीताफळ पुढे आणले आणि ते राज्याबाहेरही पोचले. झाडाकडे अशी नजर असलेली माणसे बीडच्या डोंगरपट्ट्यातही आहेत. परिषदेवर शेतकरी म्हणून नाव सुचवताना पक्षाची ओळख पाहण्याऐवजी शेतातले काम पाहिले जावे.

म्हणून मागणी तीन गोष्टींची आहे. फळझाडांच्या प्रकल्पांना किमान पंधरा वर्षांचा बांधील निधी द्या. मावळत्या परिषदेने चालू प्रयोगांचा लेखी अहवाल नव्या परिषदेच्या पहिल्याच बैठकीत ठेवावा. आणि परिषदेवरच्या शेतकऱ्यांच्या जागांपैकी एक खऱ्या कोरडवाहू शेतकऱ्यालाच मिळावी. बीडकरांनी आपल्या आमदारांना पुढच्या भेटीत रस्त्याबरोबर हेही विचारावे: अंबाजोगाईच्या केंद्रात आज किती शास्त्रज्ञ आहेत?