बाद कोण?

भाताची कापणी उरकली, की डहाणू-तलासरीकडच्या मोकळ्या खाचरांत कबड्डीची मैदाने आखली जातात. तिकडे गेलो की मी सामना चुकवीत नाही. आणि खरे सांगायचे तर चढायांइतकीच तिथली भांडणेही मला गोड वाटतात! चार चढायांत फक्कीची रेघ पायांखाली पुसून जाते, आणि गडी बाद की नाही यावर अवघा गाव पंच होऊन बसतो.

हे खेड्यापाड्यांतच चालते, असे मात्र कुणी समजू नये. ७ ऑक्टोबर २०२३ रोजी चीनमध्ये हांगझाऊ येथे आशियाई स्पर्धेचा अंतिम सामना रंगला होता. भारत २८, इराण २८. वेळ उरला जेमतेम मिनिटभर. आपला कर्णधार पवन सेहरावत चढाईस गेला आणि कुणालाही न शिवता कडेच्या पट्ट्यात, म्हणजे लॉबीत, शिरला. मागोमाग इराणचे गडीही धावले. आता बाद कोण? जुन्या नियमाने, स्पर्शाआधी लॉबीत पाऊल टाकणारे सारेच. नव्या नियमाने, एकटा चढाई करणारा! पंचांनी निर्णय फिरविला, पुन्हा फिरविला. खेळ सुमारे तासभर अडला. अखेर भारत ३३-२९ असा जिंकला. पण आनंद निर्भेळ राहिला नाही.

तिथे रेघ ठळक होती, कॅमेरेही होते. घोटाळा केला तो दोन नियमांनी! नियम जुना असो वा नवा, नाणेफेकीपूर्वीच तो दोन्ही कर्णधारांच्या कानी घालावा. आपण कशाने हरलो, हे कळण्याचा हक्क हरणाऱ्यालाही असतोच ना?