मास्क, श्वास आणि चुरचुरणारे डोळे



2020 साली मास्कवरून इतक्या चर्चा आणि भांडणं झाली की हा विषय परत नको, असं बऱ्याच जणांना वाटेल. पण ज्या घरात कुणी सर्जन, ऑपरेशन थिएटरमधली नर्स किंवा डेंटिस्ट आहे, तिथे मास्क अजून रोजचा आहे आणि तोही सात-आठ तासांचा. माझी बायको डेंटिस्ट. संध्याकाळपर्यंत डोळे लाल, आणि "वाळू गेल्यासारखं होतंय" हे ठरलेलं वाक्य. मी पडलो सॉफ्टवेअरवाला. एरर दिसली की ती नेमकी कुठून येते हे शोधल्याशिवाय चैन पडत नाही.

या त्रासाला 'मास्क असोसिएटेड ड्राय आय' हे नाव 2020 मध्ये पडलं. ओहायोतले नेत्रतज्ज्ञ डॅरेल व्हाइट यांनी ते पुढे आणलं. कॅनडातल्या वॉटर्लू विद्यापीठाच्या नेत्रसंशोधन केंद्रानेही त्याच वर्षी याबद्दल सावध केलं होतं. नाव नवं असलं तरी कारण अगदी साधं आहे. मास्क नाकापाशी सैल बसला की उच्छ्वास वरच्या कडेतून निसटतो आणि सरळ डोळ्यांवरून जातो. चष्मेवाल्यांच्या काचांवर वाफ धरते ती हीच हवा.

आता कुणी म्हणेल, श्वास तर दमट असतो, मग डोळे कोरडे कसे पडतील? मलाही हाच प्रश्न पडला होता. पावसाळ्यात घरात दोरीवर टाकलेले कपडे आठवा. हवा ओलीच असते, तरी पंखा लावला की ते लवकर वाळतात. वाहती हवा पृष्ठभागाजवळची वाफ सारखी हटवत राहते. डोळ्यावरचा अश्रूंचा थर जेमतेम दोन ते पाच मायक्रॉनचा. त्याच्यावर तेलाचा एक पातळ पापुद्रा असतो आणि हे तेल पापण्यांच्या कडेच्या ग्रंथींमधून येतं. त्याच्यावर दिवसभर झुळूक मारत राहिली की पाणी उडतं, उरलेले अश्रू जास्त खारट होतात आणि डोळा चुरचुरतो. गंमत म्हणजे अशा कोरड्या डोळ्यातून कधी कधी घळाघळा पाणी येतं. चुरचुरीमुळे मेंदू पाणी सोडायचा हुकूम देतो, पण ते पाणी टिकत नाही. त्यामुळे "माझ्या डोळ्यांतून पाणी येतं, म्हणजे ते कोरडे नाहीत" हा हिशेब चुकतो.

त्यात भर कॉम्प्युटरची. एरवी आपण मिनिटाला साधारण 15 वेळा पापण्या मिटतो, स्क्रीनपुढे हे प्रमाण निम्म्याच्याही खाली येऊ शकतं. पेशंट संपले की नोंदी टाइप करायला बसणारी मंडळी म्हणजे आधी वारा आणि मग स्क्रीन, असा दुहेरी मार. (आपण आयटीवाले दुसरा मार फुकटात खातोच.)

मला सगळ्यात महत्त्वाची वाटली ती गोष्ट वेगळीच. डोळ्यांना त्रास देणारी फट ही मास्कचीही फट आहे. तिथून हवा गाळली न जाता बाहेर पडते, आणि श्वास घेताना आतही येते. म्हणजे जळजळ होते म्हणून मास्क खाली ओढणं हा उपाय उलटा झाला. शिवाय चुरचुरणारा डोळा चोळायला हात आपोआप वर जातो, आणि हॉस्पिटलात तो हात कुठे लागलेला असेल ते सांगायला नको.

तेव्हा आधी फट बुजवा. नाकावरची तार दोन्ही हातांच्या बोटांनी नीट दाबून बसवा. वरच्या कडेला मेडिकल टेप लावली तर चालते, पण खालची पापणी ओढली जाता कामा नये. ती ओढली गेली की डोळा पूर्ण मिटत नाही आणि कोरडेपणा वाढतो. अमेरिकेत जिथे कामासाठी एन-95 सक्तीचा आहे, तिथे मालकाने दरवर्षी फिट टेस्ट करून द्यायची हा ओशाचा नियम आहे. एक मॉडेल नीट बसत नसेल तर दुसरं मागा. आपली माणसं, त्यातून व्हिसावरची, असं काही मागायला कचरतात. कचरू नका.

थेंबांचं म्हणाल तर दिवसातून बऱ्याचदा घालायचे असतील तर प्रिझर्व्हेटिव्ह नसलेले, एकदा वापरून टाकायच्या कुप्यांतले बरे. पण दिसेल ती स्वस्त बाटली उचलू नका. भारतातून आयात झालेल्या कृत्रिम अश्रूंशी जोडलेल्या एका जीवाणूच्या साथीत अमेरिकेच्या 18 राज्यांत 81 जण आजारी पडल्याची नोंद 2023 मध्ये झाली. त्यांतले चौघे दगावले आणि काहींची दृष्टी गेली. आमच्या आईने फोनवर सुचवलेलं गुलाबपाणी मिटलेल्या डोळ्यांवर घडी ठेवायला ठीक आहे. डोळ्यात मात्र घालायचं नाही, ते निर्जंतुक नसतं.

आणि डोळा नुसता चुरचुरत नसून दुखत असेल, उजेड सहन होत नसेल किंवा पापण्या मिटून उघडल्यावरही अंधुक दिसत असेल, तर इथे मेल टाकून विचारत बसू नका, त्याच दिवशी डॉक्टरकडे जा. कॉन्टॅक्ट लेन्स घालणाऱ्यांनी तर आधी लेन्स काढायची आणि मग फोन करायचा.