बैठक संपली, तरी मनातली बैठक सुरूच?

ताई, तुमचं असं होतं का? ग्रामसंघाच्या बैठकीत दोन वाक्यं बोललात, मध्येच अडखळलात, कुणीतरी हसलं. मग भाकऱ्या थापताना तेच, अंथरुणावर पडल्यावरही तेच. "मी असं का बोलले? सगळ्या काय म्हणत असतील?" आणि पुढच्या बैठकीला 'शेतावर काम आहे' म्हणून घरीच.

गाय रवंथ करते, तिचा चारा पचतो. आपला हा रवंथ पचत नाही, वाढत जातो. कारण बोलताना सगळं लक्ष स्वतःच्या थरथरत्या आवाजाकडे असतं. समोरच्या बायकांकडे आपण नीट पाहिलेलंच नसतं. मग उरलेली गोष्ट भीतीच रचते.

लाजाळू असणं हा आजार नाही. पण सहा महिन्यांहून जास्त काळ या भीतीपायी बँकेत जाणं, कर्ज मागणं, ग्रामसभेत बोलणं सुटत असेल, तर ती 'सोशल अँक्झायटी' असू शकते. हे वेड नाही, बाहेरची बाधाही नाही. यावर उपचार आहेत.

अमेरिकेतले मानसोपचारतज्ज्ञ अल्बर्ट एलिस तरुणपणी बायकांशी बोलायला फार घाबरत. १९ व्या वर्षी त्यांनी एका बागेत महिनाभर अनोळखी बायकांशी बोलायचं ठरवलं. सुमारे १०० जणींशी बोलले. मैत्री कुणाशीच जमली नाही, पण भीती ओसरली. पुढे १९५५ च्या सुमारास त्यांनी विवेकनिष्ठ उपचारपद्धती मांडली. ठाण्यात डॉ. आनंद नाडकर्णींनी १९९० मध्ये सुरू केलेल्या आय.पी.एच. संस्थेत हीच विचारपद्धती वापरतात.

अशा उपचारात काय शिकवतात?

१. वहीत दोन रकाने करा: 'काय घडलं' आणि 'मला काय वाटलं'. "एक जण हसली" हे घडलं. "सगळ्या मला हसल्या" हा आपला अंदाज.

२. बोलताना लक्ष समोरच्या चेहऱ्यांकडे ठेवा.

३. पायरी-पायरीने चढा. आधी गटात इतिवृत्त वाचा, मग एक प्रश्न विचारा, मग बँकेत, मग ग्रामसभेत. भीती जाण्याची वाट बघू नका. बोलत राहिलं की ती कमी होते.

गटानेही साथ द्यावी. इतिवृत्त वाचायची पाळी प्रत्येकीला द्या. अडखळली तर हसू नका. एखादी सारखी गैरहजर राहत असेल, तर दंड लावण्याआधी तिच्या घरी जाऊन विचारा.

एकटीला जमत नसेल, तर १४४१६ या टेली-मानस क्रमांकावर फोन करा. तो मोफत आहे, चोवीस तास सुरू असतो आणि मराठीत बोलता येतं.