आधी मीठ उतरवा, मग रंग

सकाळी ६

कळंबोलीच्या ट्रक टर्मिनलजवळ आमचं गॅरेज आहे. जानेवारीत या वेळेला ताडपत्र्यांवरून दव ठिबकत असतं. आजची पहिली गाडी दहा टायरची, मीठ वाहणारी. मालक उरणकडचा. पेण-उरणच्या मिठागरांतला माल तो उचलतो. मिठागरं आता कमी होत चालली आहेत, त्यामुळे गुजरातचा मालही भरतो. देशातलं तीन चतुर्थांशाहून जास्त मीठ तिथंच पिकतं.

ड्रायव्हर गाडीतून उतरता उतरताच म्हणाला, "दादा, चेसिसला काळा रंग मारून द्या. रात्री लोडिंग आहे."

"रंग दुपारी. आधी मीठ उतरू दे."

तो थोडा खट्टू झाला. पण इथं मी कुणाचंच ऐकत नाही. मिठावर मारलेला रंग गंजाला झाकतो, थांबवत नाही. वरून गाडी काळी कुळकुळीत दिसते आणि आत गंज पत्रा खात राहतो. न रंगवलेल्या गाडीचा गंज निदान डोळ्यांना दिसतो तरी.

सकाळी ६:३०

गाडी खड्ड्यावर घेतली, चाकांना गुटके लावले. धुण्याआधी कोरड्या गाडीखाली बॅटरी आणि छोटी हातोडी घेऊन फिरायचं. चांगलं लोखंड ठणकतं, खाल्लेलं बद्द वाजतं. कानाला ही सवय लागायला वर्षं जातात, पण लागली की ती चुकत नाही.

आमच्या ट्रकची चेसिस म्हणजे दोन लांब सी-चॅनेल आणि त्यांना जोडणारे क्रॉस मेंबर. जास्त माल भरायचा म्हणून चॅनेलच्या आत दुसरा चॅनेल बसवलेला असतो. खरा शत्रू त्या दोन पत्र्यांच्या फटीत असतो. तिथं खारट ओल शिरते आणि बाहेर पडत नाही. गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा व्यापतो, त्यामुळे तो फुगून दोन्ही पत्रे एकमेकांपासून दूर ढकलतो आणि रिव्हेट ताणतो. या गाडीत मागच्या क्रॉस मेंबरजवळ तसंच झालंय. तिथं खडूने खूण केली.

मग ब्रेकचे पाइप, एअर टँक आणि मागचे ब्रेक चेंबर पाहिले. मागच्या चेंबरमध्ये एक जबर दाबलेली स्प्रिंग असते. त्याचं कवच गंजून पातळ झालं असेल तर ते उघडायला कुणी जाऊ नये, सरळ नवीन बसवावं. ती स्प्रिंग सुटली तर माणूस वाचत नाही. इथून निघालेल्या गाड्या द्रुतगती मार्गाने बोरघाट चढतात आणि परतताना उतरतात. ओझं घेऊन घाट उतरताना गाडीखालचा प्रत्येक पाइप धड असावा लागतो. चेसिसच्या कामाकडे लोक सौंदर्याचं काम म्हणून पाहतात, याचं मला खरंच वाईट वाटतं.

सकाळी ८

धुलाई. दिवसातला सगळ्यात जास्त वेळ मी इथं देतो.

पाणी गोडच हवं. खाडीलगत बऱ्याच बोअरचं पाणी मचूळ असतं. त्या पाण्याने गाडी धुणं म्हणजे एक मीठ काढून दुसरं लावणं. म्हणून या कामाला मी टँकर मागवतो. पैसे लागतात, लागू देत.

आधी नुसतं भरपूर पाणी, कमी दाबाने, वरून खाली. कडक झालेलं मीठ आणि चिखल भिजला पाहिजे. मग थोडं थांबायचं आणि त्यानंतर प्रेशर पंप. चॅनेलच्या आतल्या कडा, कमानीच्या पाट्यांच्या फटी, यू-बोल्टच्या मुळाशी, मडगार्डच्या मागे, फळ्या जिथं चेसिसवर बसतात तिथं. मीठवाल्या गाडीत फळ्यांच्या सांध्यांतून बारीक खडे खाली गळतात आणि त्याच जागी साचतात.

नवीन पोरांना मी कारणही सांगतो, नाहीतर ती पंप नुसता फिरवतात. मीठ स्वतः लोखंड खात नाही. गंजायला पाणी आणि हवेतला प्राणवायू लागतो. मीठ पाण्यात मिसळलं की त्यातून विजेचे कण सहज वाहतात, गंजण्याची क्रिया भराभर होते, आणि मिठातलं क्लोराईड लोखंडावरचा संरक्षक थर फोडतं. दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. हवेतली आर्द्रता साधारण ७५ टक्क्यांच्या वर गेली की मीठ हवेतूनच पाणी ओढून घेतं आणि ओघळायला लागतं. मिठागरातल्या कच्च्या मिठात मॅग्नेशियम क्लोराईडही असतं. ते तर ३३ टक्क्यांच्या आसपासच पाणी धरायला लागतं. म्हणजे पनवेलच्या कोरड्यात कोरड्या दिवसातही अशी चेसिस आतून ओलीच. पाऊस नाही म्हणून गंज नाही, हा हिशेब मीठवाल्या गाडीला लागू नाही.

अमेरिका-कॅनडात हिवाळ्यात रस्त्यावर मीठ टाकतात, कारण खारं पाणी शून्याला गोठत नाही. मीठ पुरेसं असेल तर उणे २१ अंशांपर्यंतही ते पाणीच राहतं. बर्फ वितळतो आणि तेच पाणी उडून गाड्यांच्या पोटाला बसतं. तिकडचे लोक हिवाळाभर गाडी खालून धूत राहतात. आमच्याकडे बर्फ नाही, पण पावसाळ्यात दमट खारा वारा आहे, मिठाचा आणि मासळीचा माल आहे, आणि कळंबोलीसारखा भरतीच्या पातळीखालचा सखल भाग आहे. जोराचा पाऊस आणि मोठी भरती एकत्र आली की रस्त्यावर पाणी भरतं. त्यात उभ्या राहिलेल्या गाडीला किती मीठ लागलं हे वरून कळत नाही.

सकाळी १०

दुसरी गाडी आली, कोकणातून मासळी आणणारा आयशर. हिचं पोट मीठवाल्या गाडीपेक्षाही वाईट. बर्फ वितळत जातो, खारं पाणी रात्रभर ठिबकत येतं, आणि नेमकं मागच्या ॲक्सलवर पडतं. बॉडीच्या तळाला पाणी बाहेर काढणारी नळी लांब करून ती चेसिसच्या बाहेर सोडा, असं मी मासळीवाल्या प्रत्येक मालकाला सांगतो. तेवढं केलं तरी अर्धी लढाई जिंकली.

ही गाडी बीएस-६, म्हणजे एप्रिल २०२० नंतरची. खाली सेन्सर, वायरिंगचे कनेक्टर, युरियाच्या पाण्याची टाकी. प्रेशरचा फवारा कनेक्टरवर थेट गेला तर पाणी आत शिरतं आणि महिन्याभराने डॅशबोर्डवर दिवे लागतात. तिथं हाताने, ओल्या फडक्याने पुसायचं.

सकाळी ११

पहिली गाडी निथळली. पाणी वाळल्यावर पत्र्यावर पांढुरका थर उमटतोय का बघतो. दोन ठिकाणी उमटला, म्हणजे मीठ अजून आहे. परत धुतली. पोरं कुरकुरली, पण धुतली.

मग कॉम्प्रेसरची हवा मारून फटींतलं पाणी काढायचं. उन्हात उभी करायची. सुटे झालेले गंजाचे पापुद्रे खरवडणीने आणि वायर ब्रशने काढायचे. गॉगल आणि मास्क घातल्याशिवाय खाली कुणी जायचं नाही. गाडी उचललेली असेल तर नुसत्या जॅकवर नाही, घोड्यांवर टेकलेली हवी. यात मी सवलत देत नाही.

दुपारी १:३०

जेवण उरकलं, आता रंगाचा डबा उघडायचा.

ही वेळ मुद्दाम निवडलेली. रंग मारताना पत्र्याचं तापमान दवबिंदूपेक्षा निदान ३ अंशांनी जास्त असावं आणि आर्द्रता ८५ टक्क्यांच्या खाली असावी, असा रंगकामातला नियम आहे. पहाटे आणि संध्याकाळी थंड लोखंडावर डोळ्याला न दिसणारं दव बसतं, त्यावर रंग धरत नाही. थंडीतली दुपार मात्र कोरडी, लोखंड कोमट. पनवेलात वर्षभरात या कामाला याहून चांगले दिवस नाहीत. मे महिन्यात पावसाच्या धास्तीने गॅरेजबाहेर रांग लागते तेव्हा हवा घामट झालेली असते आणि धुवायला, वाळवायला वेळ कुणाकडेच नसतो.

जिथं गंज लोखंडाला चिकटून आहे तिथं फॉस्फोरिक ॲसिडचा रस्ट कन्व्हर्टर. तो वाळला की प्रायमर, आणि वर चेसिस ब्लॅक. कडांना आणि बोल्टच्या डोक्यांना ब्रशने आधी एक हात मारायचा, कारण फवाऱ्याचा रंग धारेवर पातळ बसतो आणि गंज धारेवरूनच सुरू होतो. दुहेरी चॅनेलच्या फटीत रंग जात नाही. तिथं मेणासारखं गंजरोधक तेल लांब नळीने सोडायचं. ते हळूहळू सरकत आत जातं.

कुठं मारायचं नाही, हेही तितकंच महत्त्वाचं. ब्रेकचे लायनर आणि ड्रम, रबरी होजपाइप, ॲक्सलचा ब्रीदर, सेन्सर, प्रॉपेलर शाफ्ट आणि सायलेन्सर. चेसिसला पाणी निघायला ठेवलेली भोकं बुजली तर पावसाचं पाणी आतच मुक्काम करतं. आणि चेसिस नंबर! तो टेप लावून झाकायचा. पासिंगला नंबर वाचता आला नाही तर एमएच ४६ ची गाडी पनवेल आरटीओच्या दारातून परत येते. आठ वर्षांपुढच्या ट्रकला फिटनेस दरवर्षी लागतं, त्यामुळे हा त्रासही दरवर्षीचा.

दुपारी ४

न्हावा-शेवाहून ट्रेलर घेऊन एक जुने गिऱ्हाईक आले. वयाने मोठे, त्यांना मी भाऊ म्हणतो.

"मला काय करायचाय तुझा प्रायमर? जळकं ऑइल मार खालून. आमच्या वडिलांपासून तेच."

"भाऊ, जळक्या ऑइलने महिनाभर पाणी लागत नाही हे खरं. पण धूळ चिकटून त्याचा लगदा होतो, त्यात मीठ अडकतं आणि मग सुटत नाही. कमानीचे बुश आणि होजपाइप फुगतात. शिवाय ते गटारातून गाढी नदीत आणि खाडीत जातं."

वापरलेलं ऑइल २०१६ च्या नियमांनुसार घातक कचरा आहे, हेही त्यांना सांगितलं. आम्ही ते ड्रममध्ये साठवून परवानाधारक घेणाऱ्याकडे देतो. भाऊंना नियमापेक्षा बुशचं पटलं. पुढच्या आठवड्यात ट्रेलर सोडतो म्हणाले.

संध्याकाळी ५:३०

ऊन कललं, रंगकाम बंद. आयशरचं उद्या दुपारी. मिठाच्या गाडीचा रंग हाताला सुकलाय, पण पूर्ण कडक व्हायला वेळ लागतो. म्हणून ड्रायव्हरला सांगितलं, आजची रात्र लोडिंग नको. त्याने मालकाला फोन लावून माझ्या हातात दिला. मालक आधी चिडले, मग म्हणाले, "बरं, उद्या दुपारी भरू."

जाण्याआधी यू-बोल्ट परत कसले, पाट्यांमध्ये ग्रीस भरलं, एअर टँकमधलं पाणी सोडलं.

ट्रकमालकांना एवढंच सांगायचंय. मीठ किंवा मासळी वाहत असाल तर फेरी संपल्यावर गोड्या पाण्याने गाडी खालून धुवा. याला गॅरेज लागत नाही, पाइप आणि अर्धा तास लागतो. बंदरात फिरणाऱ्या गाडीलाही पंधरवड्यातून एकदा ते करा. आणि चेसिसचं मोठं काम मे महिन्यावर ढकलू नका. जानेवारी-फेब्रुवारीत एक पूर्ण दिवस आणि एक रात्र गाडी उभी ठेवा, भाड्याचं नुकसान सोसा, आणि रंगाआधी मीठ उतरलंय का हे स्वतः खाली वाकून बघा.