टाकीत कोंडलेली हवा

सायकलीत हवा भरायला पंक्चरवाल्याकडे गेलात, की कोपऱ्यात धडधडणारं ते धूड दिसतं ना? खाली आडवी टाकी, तिच्या पाठीवर मोटर, शेजारी पंप आणि दोघांना जोडणारा गरगर फिरणारा पट्टा. हाच काँप्रेसर. तो चालू असला की आपण आपसूक लांब उभे राहतो. ते बरोबरच आहे, त्या पट्ट्यात ओढणी किंवा बोट गेलं तर संपलंच. पण मोटर बंद झाली रे झाली, की एखादा पठ्ठ्या खुशाल टाकीवर बूड टेकतो! अहो, मोटर थांबली म्हणजे टाकी गच्च भरली. आता तर खरी जपायची वेळ.

विश्वास बसत नाही? मग वहीत एक गणित मांडा. टाकीवरच्या डायलचा काटा ८ वर आहे, म्हणजे आतली हवा दर चौरस सेंटिमीटरला ८ किलो इतक्या जोराने बाहेर रेटते आहे. पंक्चरवाल्याच्या भाषेत साधारण ११५ पौंड. टाकीचं गोल झाकण ४० सेंटिमीटर व्यासाचं धरा. क्षेत्रफळ आलं साधारण १२५० चौरस सेंटिमीटर. गुणिले ८. दहा हजार किलो! म्हणजे दहा टन. एका झाकणावर मालाने भरलेल्या ट्रकएवढा भार, आणि तो पेलायला फक्त काही मिलिमीटर जाडीचा पत्रा.

१६५७ साली जर्मनीतल्या माग्डेबुर्ग शहरात ऑटो फॉन गेरिके यांनी धातूचे दोन अर्धगोल जोडून आतली हवा काढून टाकली होती. दोन्ही बाजूंना आठ-आठ घोडे जुंपले, तरी ते सुटेनात. तिथे बाहेरच्या हवेचा दाब होता दर चौरस सेंटिमीटरला फक्त १ किलो. पंक्चरवाल्याच्या टाकीत त्याच्या आठपट, आणि तोही आतून बाहेर!

चांगली टाकी हा भार वर्षानुवर्षं पेलते, बरं का. तिचा शत्रू वेगळाच आहे, आणि तो म्हणजे पाणी. तुम्ही म्हणाल, हवेच्या टाकीत पाणी कुठून आलं? सायकलचा हातपंप जोरजोरात मारून त्याच्या बुडाला हात लावून पाहा. गरम लागतो. दाबली की हवा तापते. (म्हणूनच काँप्रेसरच्या पंपाला आणि त्यातून निघणाऱ्या तांब्याच्या नळीला हात लावायचा नाही. चटका बसतो.) ही तापलेली हवा टाकीत जाऊन निवते आणि तिच्यातली वाफ पाणी होऊन तळाशी बसते. पावसाळ्यात २०० लिटरची टाकी एकदा ८ किलोपर्यंत भरली, तर दोन मोठे चमचे पाणी सहज जमतं. टाकी दिवसभरात किती वेळा भरते, धरा हिशोब.

हे पाणी पत्र्याला आतून गंज चढवतं. बाहेरचा रंग मात्र छान चकाकत राहतो, त्यामुळे कुणाला पत्ताच लागत नाही. पत्रा पातळ होत होत एक दिवस फाटतो, आणि कोंडलेली सगळी हवा एका क्षणात सुटते. लोखंडी टाकी उडते, भिंत पडते. म्हणून टाकीच्या पोटाला एक छोटी तोटी असते. हवा थोडी उतरवून ती रोज हळूच उघडायची. फुस्स करून पाणी बाहेर येतं. दोन मिनिटांचं काम, पण कंटाळा केला जातो तो याच कामाचा! आणि टाकीला भोक पडलं तर? वेल्डिंगचं ठिगळ लावून भागत नाही. एका जागी भोक पडलं म्हणजे बाकीचा पत्राही पातळ झालेला असणार. ती टाकी भंगारात.

एक कोडं घालतो. टाकीची मजबुती तपासताना ती हवेने नाही, पाण्याने भरून दाब देतात. का बरं? पाणी दाबलं तरी जवळजवळ आकसत नाही. टाकी फाटलीच तर दाब लगेच उतरतो, थोडं पाणी उडतं नि खेळ खलास. हवा मात्र स्प्रिंगसारखी आकसलेली असते. ती सुटली की थांबत नाही.

टाकीवर कडी असलेली एक पितळी झडप असते, तिला म्हणतात सेफ्टी व्हॉल्व्ह. दाब मर्यादेबाहेर गेला की ती आपोआप उघडते. ती गळते म्हणून तिच्या जागी बूच ठोकणारे महाभाग असतात. कुकरची शिटी वाजते म्हणून भोक बुजवण्यातलाच हा प्रकार.

विजेचं सांगायचं तर तीन पिनांचा प्लग, नीट अर्थिंग आणि कोरडे हात, इतकं पाळलंच पाहिजे. लांबलचक बारीक वायर जोडली की मोटरला पुरेसा दाब मिळत नाही आणि ती तापून जळते. तेल काचेतून दिसतं, ते बघत राहायचं. फिल्टरची धूळ झाडायची. पट्टा तपासायचा, पण प्लग काढल्यावरच.

आता सगळ्यांत महत्त्वाचं. गॅरेजमध्ये मुलं गंमत म्हणून एकमेकांच्या अंगावर ती नळी धरतात. दोस्तांनो, ही गंमत नाही. त्या झोतात उडालेला कण डोळा फोडतो, कानाचा पडदा फाटतो, जखमेतून हवा कातडीखाली शिरते. आणि थट्टेत कुणी ती नळी पार्श्वभागाला लावली, तर क्षणात आतडी फाटतात, कपडे घातलेले असले तरी. आपल्या देशात अशा थट्टेत मुलांचे आणि कामगारांचे जीव गेलेले आहेत. कपड्यांवरची धूळ झाडायलासुद्धा ती नळी नको, फडकं घ्या. आणि कुणी असली थट्टा करायला लागला, तर हसत उभे राहू नका. सरळ टाकीजवळचा कॉक बंद करा आणि मोठ्या माणसाला हाक मारा.

सायकलीचं म्हणाल तर ट्यूब लहान, झोत मोठा. म्हणून टायरवर छापलेला आकडा बघून थोडी थोडी हवा सोडायची आणि मध्येमध्ये अंगठ्याने दाबून पाहायचं. नाही तर ठो!

पुढच्या वेळी दुकान बंद करायच्या सुमारास गेलात, तर काकांना विचारा, “काका, टाकीचं पाणी काढलंत का?” ते तोटी उघडतील तेव्हा बाजूला उभं राहून पाण्याचा रंग बघा. थोडं गढूळ, तेलकट असेल तर रोजचंच. विटकरी असेल आणि त्यात गंजाचे पापुद्रे असतील, तर काकांना तेही दाखवा.