बुंदीची वार्षिक परीक्षा

टेबलावर कुत्रा चढतो, पण प्रश्न विचारले जातात आपल्याला. अभ्यास झालाय ना?

‘‘शेवटची हीट कधी येऊन गेली?’’

मी पंख्याकडे बघितलं.

‘‘पाणी किती पिते?’’

‘‘नॉर्मल.’’

‘‘जंताचं औषध?’’

‘‘दिलंय ना... दिवाळीत. बहुतेक.’’

‘‘वजन वाढलंय का?’’

आता बुंदीसुद्धा पंख्याकडे बघायला लागली होती. शेवटी इंजेक्शन झालं, तिच्या लसीच्या पुस्तकात स्टिकर चिकटला आणि दहा मिनिटांत आम्ही दोघी रस्त्यावर. अ‍ॅन्युअल चेकअप डन! त्या रात्री मी फेसबुकवर ‘ब्रेव्ह गर्ल’ म्हणून तिचा फोटोही टाकला. ही झाली गेल्या वर्षीची गोष्ट.

बुंदी म्हणजे आमची देशी कुत्री. डोंबिवली एमआयडीसीतल्या एका बंद गेटपाशी, भर पावसात सापडलेली. आता सात वर्षांची. लोकांना मी तिची ‘मॉम’ म्हणून सांगते, पण खरं सांगू? सकाळी आठच्या सुमाराची फास्ट पकडायची, दिवसभर अंधेरी ते लोअर परळ मीटिंगा करायच्या आणि रात्री नऊला चेंगरून घरी यायचं, यात बुंदी माझ्या वाट्याला येते ती जेमतेम दीड तास. तिचा दिवस माहिती असतो आईला. तिची बिस्किटं माहिती असतात बाबांना. ती जिन्यात कुठल्या पायरीवर दम खाते, हे फक्त वॉचमनकाकांना ठाऊक. आणि डॉक्टरकडे कोण जाणार? तर मी, कारण अपॉइंटमेंट माझ्या मोबाइलवर असते!

घोडबंदर रोडला एकोणिसाव्या मजल्यावर राहणाऱ्या माझ्या मैत्रिणीकडेही हेच. तिच्या लॅब्रॅडोरला सोसायटीतला मुलगा फिरवतो. लॅब महिनाभर लंगडतोय हे त्या मुलाला माहीत होतं, तिला नव्हतं. ‘‘मला वाटलं मॅडमना माहितीय,’’ तो म्हणाला. शिवाय क्लिनिकमध्ये गेल्यावर घाबरलेला कुत्रा लंगडणंही विसरतो. म्हणून चाल, खोकला, विचित्र श्वास, जे काही खटकत असेल त्याचा मोबाइलवर व्हिडिओ काढून न्या. डॉक्टरांना तुमच्या वर्णनापेक्षा तो वीस सेकंदांचा व्हिडिओ जास्त कळतो.

तर यंदा मी शहाणी व्हायचं ठरवलं. अपॉइंटमेंट मेच्या पहिल्या आठवड्यात घेतली, मुद्दाम. आपल्याकडे पावसाळ्यात लेप्टोचं टेन्शन असतं. उंदरांच्या मुतातून हा जंतू साचलेल्या पाण्यात उतरतो आणि तिथून कुत्र्यात आणि माणसातही. २६ जुलै २००५ ला उल्हास नदी कल्याण-डोंबिवलीत शिरली होती ते आठवतंय? त्या पुरानंतर मुंबई परिसरात लेप्टोची मोठी साथ आली होती. कुत्र्यांसाठीची लेप्टोची लस वर्षभरच पुरते, आणि ती अंगी लागायला दोनेक आठवडे जातात. पहिल्यांदाच देत असाल तर दोन डोस लागतात, म्हणजे आणखी आधी निघायला हवं. रेबीजची आपल्याकडे दरवर्षी देतात, त्यात चालढकल नको. डिस्टेंपर आणि पार्वोच्या बाबतीत मात्र मोठ्या कुत्र्यांना दरवर्षी डोस लागतोच असं नाही, तीन वर्षांनी चालतो असं आंतरराष्ट्रीय गाइडलाइन्स सांगतात. तुमच्या डॉक्टरांना विचारा. विचारल्याचा राग येत नाही त्यांना.

आदल्या रविवारी जेवणं झाल्यावर मी वही घेऊन बसले. पत्रकार आहे, मुलाखती घेणं हाच धंदा. पहिला नंबर बाबांचा.

‘‘दिवसाला किती मारी?’’

‘‘दोन.’’

आई स्वयंपाकघरातून हसली. आकडा सहावर जाऊन थांबला. मग बुंदीला उचलून मी वजनकाट्यावर उभी राहिले, नंतर एकटी. (माझा आकडा छापणार नाही.) वजाबाकी केली तर बुंदी साडेसतरा किलो. पुस्तकात गेल्या वर्षी सोळा होती. दीड किलो म्हणजे काय मोठंसं, असं वाटतं ना? साठ किलोच्या माणसाने साडेपाच किलो वाढवण्यासारखं आहे ते. जंताच्या गोळीचा आणि गोचिडांच्या औषधाचा डोसही वजनावरच ठरतो. गोचिडांना कमी लेखू नका, बॉस. येऊरला ट्रेकला नेलं तरच लागतात असं काही नाही. आपल्या कुत्र्यांवरची तपकिरी गोचीड भिंतीच्या फटीत, दाराच्या चौकटीत आरामात संसार थाटते, हजारोंनी अंडी घालते, आणि टिक फीव्हर देऊन जाते. आमच्याकडे त्याची गोळी बाराही महिने चालू असते.

मग आईचा नंबर. पाणी किती पिते, विचारलं.

‘‘हल्ली फार पिते गं. चार-चारदा भांडं भरते मी. उन्हाळा आहे म्हणून म्हटलं. आणि सारखी मागे चाटत बसते.’’

‘‘हीट कधी येऊन गेली, आठवतंय?’’

आईने ओल्या हातानेच भिंतीवरच्या कालनिर्णयचं पान मागे उलटलं. दुधाचा हिशेब, गॅसचा नंबर, बाईच्या खाड्यांच्या फुल्या... आणि पाडव्याच्या दोन दिवस आधीच्या चौकोनात बारीक अक्षरात ‘बुं.’. सात वर्षं ती लिहीत होती. मी कधी विचारलंच नव्हतं.

सोमवारी सकाळी बुंदी उपाशी, कारण रक्त द्यायचं होतं (आठ-दहा तास खायला नाही, पाणी चालतं). श्रीखंडाच्या रिकाम्या डबीत सकाळची ताजी शी. लघवीचा नमुना पकडायला मी पळी घेऊन तिच्या मागे मागे, आणि अख्खी बिल्डिंग गॅलरीत! पळी अर्थातच फेकून दिली, आईने नुसतं बघितलं तरी.

क्लिनिकमध्ये यंदा मी वही उघडून वाचायला लागले. ‘पाणी’ आणि ‘पाडवा’ हे दोन शब्द येताच डॉक्टरांनी हात वर करून मला थांबवलं आणि बुंदीचं पोट दाबून बघितलं. ‘‘लस आज नाही. आधी सोनोग्राफी. आजच.’’

त्याची सोय ठाण्यातल्या एका सेंटरला होती. मामेभाऊ कल्याणहून गाडी घेऊन आला आणि माणकोलीच्या पुलावरून आम्ही निघालो. मागच्या सीटवर बुंदीचं डोकं माझ्या मांडीवर. खिडकी उघडी असूनही तिने मान बाहेर काढली नाही. तेव्हा मला खरी भीती वाटली.

पायोमेट्रा. गर्भाशयात पू. नसबंदी न केलेल्या, वयाने मोठ्या मादीला हीटनंतर महिना-दोन महिन्यांत होणारा हा आजार. त्या जंतूंच्या विषाने किडनी पाणी धरून ठेवू शकत नाही, म्हणून तहान वाढते. कधी बाहेर स्राव दिसतो, कधी सगळं आतच साचतं, आणि पिशवी फुटली तर जीव वाचवणं कठीण. उपाय ऑपरेशन, तेही लगेच. ‘‘आठवडाभर उन्हाळा समजून बसला असतात, तर ही टेबलावर नसती,’’ सर्जन म्हणाले. उपाशी होती, त्यामुळे भूल द्यायला थांबावं लागलं नाही.

नसबंदी आधीच का केली नाही, हा प्रश्न त्यांनी विचारला नाही. मी स्वतःला विचारला. उत्तर फालतू आहे : ‘घरातच तर असते, कशाला उगाच चिरफाड.’ लहान वयात, तब्येत ठणठणीत असताना जे ऑपरेशन ठरवून झालं असतं, तेच सातव्या वर्षी, आजारी अंगावर, घाईघाईत झालं. बिलाचा आकडा म्हणजे एक बरा मोबाइल. हप्ते चालू आहेत.

रात्री अकराला ती भुलीतून बाहेर आली आणि माझ्याऐवजी बाबांकडे बघून शेपटीचं टोक हलवलं. मारीची पुण्याई. (सहाचं आता एक झालंय. बाबा उपोषणाची भाषा करतात.)

आता कालनिर्णयच्या मेच्या पानावर दुधाच्या हिशेबाशेजारी ‘बुं. टाके’ असं लिहिलंय. जूनच्या पहिल्या शनिवारी ‘बुं. लेप्टो + रेबीज’, डॉक्टरांनी बरी झाल्यावर दिलेली तारीख. हे दोन्ही माझ्या अक्षरात. त्याखाली आईने लिहिलंय : ‘नवीन पळी’.